स्टँडर्ड हेराल्डचं वायरिंग नव्याने बांधताना : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी साठच्या दशकातली, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. सातारा जिल्ह्यातल्या एका कुटुंबाने ती घरातच जपून ठेवली होती. वडिलांच्या पश्चात ती मुलीकडे आली आणि तिने गाडी पुन्हा चालती करायचं मनावर घेतलं. आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना ताई म्हणत, इथेही तेच नाव ठेवतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत.

हेराल्ड मूळची ब्रिटनची. ट्रायम्फ हेराल्ड तिथे १९५९ मध्ये आली, तिचं रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी घडवलेलं. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने तीच गाडी ९४८ सीसी इंजिनासह आपल्याकडे बनवायला घेतली. पुढे चार दारांची हेराल्डही निघाली, ती फक्त भारतातच.

वायरिंगच्या दृष्टीने या गाडीच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, हिची बॉडी वेगवेगळ्या तुकड्यांत बनवून स्वतंत्र चेसिसवर बोल्टने बसवलेली असते. दोन, पुढचा सगळा भाग, मडगार्डांसकट, एकच मोठं बॉनेट आहे. ते पुढच्या बाजूच्या बिजागरीवर उलटं उघडतं आणि हेडलाइट त्या बॉनेटमध्येच बसलेले असतात. म्हणजे बॉनेट उघडलं की हेडलाइटच्या वायराही त्याच्याबरोबर हलतात. या दोन्ही गोष्टींनी पुढे आमचा बराच वेळ घेतला.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा इंजिन बांधून झालं होतं आणि रंगही झाला होता. दोन्ही कामं दुसरीकडची. आमच्याकडे फक्त वायरिंग. काम करणारे दोघं : मी आणि आमचे वायरमनकाका. काकांचा ऑटो इलेक्ट्रिकमधला अनुभव माझ्या वयापेक्षा मोठा आहे.

अडचण

बॅटरी जोडून किल्ली फिरवली आणि पार्किंग लाइट लावले, तोच डॅशबोर्डखालून जळका वास आला. काकांनी लगेच टर्मिनल काढलं. हेडलाइटच्या स्विचमागची एक वायर इतकी तापली होती की तिचं आवरण शेजारच्या वायरीला चिकटलं होतं.

डॅशबोर्ड उघडल्यावर कारण दिसलं. मूळ वायरांवर सुती विणीचं आवरण असतं. ते बहुतेक ठिकाणी कुजलं होतं आणि आतलं रबर बोटाने दाबलं तरी पापुद्र्यासारखं सुटत होतं. डिकीकडे जाणारी फांदी उंदरांनी कुरतडली होती. रंगकाम करताना इंजिनाच्या बाजूचं वायरिंग काढलंच नव्हतं, त्यामुळे काही वायरा बॉडीच्या रंगाच्या झाल्या होत्या. त्यात भर म्हणजे गेल्या काही दशकांत हॉर्न, वायपर, टेप, मागचे इंडिकेटर अशा कामांसाठी कुणीकुणी नव्या वायरा ओढल्या होत्या. बहुतेक सगळ्या लाल, कारण दुकानात लाल वायर नेहमी मिळते.

हेडलाइटमध्ये १००/९० वॅटचे बल्ब निघाले. दोन्ही अप्पर लागले की २०० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे १७ अँपिअर. हा सगळा प्रवाह जुन्या स्विचमधून आणि जुन्या डिपरच्या स्विचमधून जात होता. मूळ गाडीत फ्यूज नावाची वस्तूच नव्हती. जुन्या आकृतीत नाही, गाडीतही नाही. म्हणजे कुठे शॉर्ट झालाच, तर जळायला वायर सोडून दुसरं काहीच नाही.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट झाली आणि पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे राहिले. गाडीत जे वायरिंग होतं, ते आता हेराल्डचं राहिलंच नव्हतं. ती वेगवेगळ्या मेकॅनिकांनी, प्रत्येकाने त्या दिवसापुरती केलेली दुरुस्ती होती. तिची नक्कल काढली असती, तर त्या सगळ्या तात्पुरत्या उपायांची नवीकोरी प्रत तयार झाली असती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, जिथे खराब तिथे बदला. सगळ्यात स्वस्त आणि ताईंच्या परिचयातल्या एका मेकॅनिकने सुचवलेला. आम्ही तो लगेच बाजूला ठेवला. आवरणाचं रबर एका ठिकाणी सुटत असेल, तर ते सगळीकडे त्याच वयाचं असतं. आज चांगली दिसणारी वायर हलवताना तडकते.

दुसरा, इंग्लंडमधून तयार हार्नेस, म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरांची बांधलेली मोळी, मागवणं. ब्रिटिश हेराल्डचं हार्नेस तिथे आजही बनतं, सुती विणीसकट. दिसायला हुबेहूब, रंग बरोबर. ताईंना हाच पर्याय मनापासून आवडला होता. पण गाडी मद्रासची. आपल्याकडच्या गाड्यांत वर्षागणिक स्विच, दिवे, इंडिकेटर बदलत गेले आणि आमच्या गाडीचे मागचे दिवे ब्रिटिश आकृतीशी जुळत नव्हते. किंमत, टपाल आणि कस्टम ड्यूटी भरून आणलेलं हार्नेस पुन्हा कापून जोडायचं, हे पटेना. शिवाय मूळ हार्नेस म्हणजे मूळचीच रचना, त्यात फ्यूज नाहीतच.

तिसरा, बाजारात मिळणारं तयार किट : फ्यूजबॉक्स आणि त्याला जोडलेल्या लांबलचक वायरा. हॉट रॉडसाठी, म्हणजे हौसेने बदलून घेतलेल्या गाडीसाठी, ते ठीक असेल. हेराल्डमध्ये त्याचा निम्मा भाग रिकामा राहतो आणि रंगसंगती वेगळी असल्याने पुढच्या मेकॅनिकला मूळ आकृतीचा काही उपयोग उरत नाही.

चौथा, जुन्या हार्नेसवरून मोजमापं घेऊन, मूळ आकृतीप्रमाणे रंग ठेवून, पण आजच्या हिशोबाने वायर आणि फ्यूज घालून नवं बांधणं. वेळ सर्वांत जास्त, मजुरीही जास्त. तरी आम्ही हाच सुचवला.

ताईंनी एकच प्रश्न विचारला, "काका, उद्या घाटात रात्री काही झालं, तर वाटेतल्या एखाद्या वायरमनला हे समजेल का?" काका म्हणाले, "ताई, रंग जुन्या चार्टप्रमाणे ठेवले तर समजेल. रंग बदलले तर मलाच दोन वर्षांनी समजणार नाही." तिथे निर्णय झाला.

इथे नोंदणीचाही विषय निघाला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेतल्या व्हिंटेज नोंदणीची सोय केली. त्यासाठी चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठे बदल झालेले नसावेत. वायरिंग नवं केल्याने ही अट मोडत नाही. पण अशी नोंदणी असलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही आणि ताईंना गाडी चालवायची होती. त्यामुळे त्यांनी नेहमीची नोंदणीच चालू ठेवली. त्यातून आमच्यासाठी एक गोष्ट ठरली : हे हार्नेस प्रदर्शनासाठी नाही, पावसात आणि रात्री वापरण्यासाठी आहे.

जुनं हार्नेस वाचणं

काकांची पहिली सूचना होती, एकही वायर कापायची नाही. प्रत्येक टोक सोडवण्याआधी त्याला कापडी पट्टी बांधून त्यावर लिहायचं : कुठून सुटलं, कोणत्या टर्मिनलवरून. मोबाइलवर फोटोही काढले, पण फोटोत दोन मळकट वायरांमधला फरक कळत नाही. पट्टीवर लिहिलेलं कळतं.

मग अख्खं हार्नेस एका प्लायवूडवर पसरलं आणि जिथे जिथे फांदी फुटते तिथे खिळा ठोकला. खिळ्याशेजारी पेन्सिलने अंतर आणि फांदीचं नाव. हाच बोर्ड पुढे नवं हार्नेस बांधायला वापरला.

खरी अडचण रंगांची होती. ब्रिटिश गाड्यांत लुकास या गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीची रंगसंगती असते आणि ती एकदा डोक्यात बसली की आकृती न पाहताही निम्मं काम होतं. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारी. हिरवी म्हणजे किल्लीनंतर चालणारी उपकरणं. हिरवी-लाल डावा इंडिकेटर, हिरवी-पांढरी उजवा, हिरवी-जांभळी ब्रेक लाइट. निळी-पांढरी अप्पर, निळी-लाल डिपर, नुसती लाल पार्किंग आणि टेल. काळी नेहमी अर्थिंगची, म्हणजे प्रवाह गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी. पण आमच्या हार्नेसमध्ये उघड्यावरच्या सगळ्या वायरा एकाच चहाच्या रंगाच्या झालेल्या.

फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या, ग्रोमेटपाशी (वायरा जातात त्या भोकातल्या रबरी कडीपाशी) मार्ग सापडला. ग्रोमेटचं रबर तिथल्या वायरांना इतकं घट्ट बसलं होतं की आत धूळ, तेल, ऊन काहीच पोचलं नव्हतं. ग्रोमेट ब्लेडने उभा कापला, तर आत बोटभर लांबीत सगळे रंग कारखान्यातून निघाल्यासारखे शाबूत. शेजारीशेजारी दोन पिवळ्या वायरा होत्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसत होत्या, पण आत एकीच्या विणीत हिरवा धागा स्पष्ट दिसत होता. नुसती पिवळी डायनॅमोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) डी टर्मिनलची, पिवळी-हिरवी एफ टर्मिनलची. या दोन कटआउटवर (चार्जिंग आवरणाऱ्या पेटीवर) उलटसुलट जोडल्या, तर डायनॅमो चार्ज करत नाहीच, कटआउटलाही धोका. मग आम्ही प्रत्येक क्लिपखालचा, प्रत्येक ग्रोमेटमधला तुकडा असाच उघडून पाहिला. मूळच्या वायरा कोणत्या आणि नंतर घुसवलेल्या कोणत्या, हे तिथेच कळलं. जी वायर क्लिपच्या खालून न जाता वरून जाते, ती कारखान्याची नाही.

किती प्रवाह, किती जाडीची वायर

जुन्या वायरची जाडी मोजून तीच पुन्हा घालायची, हा सोपा रस्ता होता. आम्ही आधी भाराचा तक्ता केला. १००/९० चे बल्ब काढून ६०/५५ चे एच४ बसवायचं ताईंनी मान्य केलं. दोन्ही अप्परला १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. पार्किंग, टेल आणि नंबरप्लेटचे सहा-सहा वॅटचे पाच बल्ब मिळून अडीच अँपिअर. ब्रेकचे २१ वॅटचे दोन, साडेतीन. इग्निशन कॉइल साधारण चार, वायपर तीनच्या आसपास. इंडिकेटर आणि हॉर्न अधूनमधून. पावसाळी रात्री अप्पर लावून चालवली, तर सलग २० अँपिअर लागतात. लुकासचा हा डायनॅमो पूर्ण वेगात २२ देतो. म्हणजे जेमतेम. या गाडीत मोठे बल्ब का चालणार नाहीत, याचं उत्तर या एका बेरजेत आहे. जुने १००/९० चे बल्ब स्विच तर जाळत होतेच, बॅटरीही रिकामी करत होते.

वायर कुठून आणायची हा पुढचा प्रश्न. लुकासच्या जुन्या मापात वायर आतल्या तारांच्या संख्येने आणि जाडीने ओळखतात : १४/०.३० म्हणजे एक चौरस मिलिमीटर, २८/०.३० म्हणजे दोन, ४४/०.३० म्हणजे तीन. आपल्याकडे आज मिळते ती एक, दीड, अडीच, चार अशा मापात. दोन रंगांची वायर किरकोळीत मिळणं कठीण. उत्पादक अख्खं रीळ घ्यायला सांगतात. भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे हार्नेस बनवणारे कारखाने आहेत आणि त्यांच्याकडे रिळांचे शेवटचे तुकडे उरतात. ओळखीतून तशी पातळ आवरणाची वायर मिळाली, बहुतेक रंगांची. निळी-पांढरी आणि हिरवी-जांभळी मात्र शेवटपर्यंत मिळाली नाही. तिथे मूळ रंगाची वायर घेऊन दोन्ही टोकांना आणि मध्ये ठरावीक अंतरावर दुसऱ्या रंगाची स्लीव्ह चढवली. दोनच्या जागी अडीच घातली, बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य तपकिरी वायरीला चार.

पातळ आवरणाच्या वायरीचा एक परिणाम आम्ही धरला नव्हता. तेवढ्याच वायरांची मोळी मूळपेक्षा बरीच बारीक झाली. बॉडीवरच्या मूळ धातूच्या क्लिपांमध्ये ती सैल बसून घासली असती. त्यामुळे क्लिपच्या जागी आतून कापडी टेपचे जादा वेढे दिले. इंजिनाच्या बाजूला डिंक नसलेली पीव्हीसी टेप गुंडाळली, कारण डिंकाची टेप आपल्या उन्हाळ्यात चिघळते आणि त्यावर धूळ बसते. डॅशबोर्डखाली कापडी टेप, दिसायलाही मूळच्या जवळ जाणारी.

फ्यूज घालायचे की नाही

इथे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. शुद्धतावादी मत असं, की कारखान्याने फ्यूज दिला नाही, तर आपणही देऊ नये. मला ते मुळीच मान्य नव्हतं. गाडी घरच्या गॅरेजमध्ये उभी राहणार, वर लोक झोपणार. फ्यूजची पट्टी डॅशबोर्डखाली, कुणाला दिसणार नाही अशी बसवता येते.

ताईंनी एका जुन्या ब्रिटिश गाडीचा काचेच्या फ्यूजचा बॉक्स मिळवून आणला होता, ३५ अँपिअरचे फ्यूज घातलेला. दिसायला सुंदर. पण त्या जुन्या काचेच्या फ्यूजवरचा आकडा ज्या प्रवाहाला फ्यूज जळतो तो असतो. सलग वाहून नेण्याची त्याची क्षमता त्याच्या निम्मी. आजच्या पात्याच्या फ्यूजवरचा आकडा मात्र सलग प्रवाहाचा असतो. जुन्या बॉक्समध्ये ३५ लिहिलंय म्हणून आजचा ३५ चा फ्यूज घातला, तर दुप्पट मोठा फ्यूज घातला गेला आणि वायर त्याच्या आधी जळणार. हे वाटेत कुठल्याही गॅरेजमध्ये घडू शकतं. म्हणून आजचीच आठ घरांची पात्याच्या फ्यूजची पट्टी घेतली आणि झाकणाच्या आतून मराठीत तक्ता चिकटवला.

चार घरं हेडलाइटला : डावा-उजवा, अप्पर-डिपर प्रत्येकी वेगळा, म्हणजे एक फ्यूज गेला तरी रस्त्यावर पूर्ण अंधार होत नाही. बाकी पार्किंग, हॉर्न, आणि वायपर-ब्रेक-इंडिकेटर मिळून एक. एक घर मोकळं. बॅटरीजवळ सेल्फची जाड केबल सोडून बाकी सगळ्याला मिळून ३० अँपिअरचा मुख्य फ्यूज.

कॉइलला स्वतंत्र फ्यूज द्यायला काकांचा ठाम विरोध होता. "घाटात चढावर फ्यूज सैल झाला की गाडी जागेवर बंद. मागे ट्रक असतो." लुकासच्या जुन्या रचनेतही इग्निशनची पांढरी वायर फ्यूजविनाच असते. आम्ही काकांचं ऐकलं. कॉइलची वायर मोळीपासून वेगळी, जाड स्लीव्हमधून, शक्य तितक्या जवळच्या मार्गाने नेली. मुख्य फ्यूज गेला तर गाडी थांबेल. पण तो जाण्याइतका मोठा शॉर्ट असेल तर गाडी थांबलेलीच बरी, हे काकांनाही पटलं.

हेडलाइटला दोन रिले बसवले, म्हणजे स्विचमधून थोडाच प्रवाह जातो आणि दिव्यांचा मोठा प्रवाह रिलेतून. नव्या वायरीत मूळ स्विचमधून १० अँपिअर गेले असते, पण स्विच आता मिळत नाही, म्हणून तो जपायचा होता. जुन्या वायरिंगवर काम सुरू करण्याआधी बॅटरी आणि बल्ब या दोन ठिकाणी व्होल्ट मोजले होते. वाटेत सुमारे दीड व्होल्ट गळत होता. दिव्याचा प्रकाश व्होल्टच्या घटीपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. दीड व्होल्ट कमी म्हणजे साधारण एक तृतीयांश उजेड गेला. लोक मोठे बल्ब का लावतात, ते इथे कळतं. उजेड कमी पडतो वायरीमुळे, बदलला जातो बल्ब, मग वायरीवर आणखी भार येतो आणि ती आणखी तापते.

डाग की क्रिम्प

वायरांच्या टोकांना ४.७ मिलिमीटरचे पितळी बुलेट, म्हणजे जोडात खुपसून बसणारी गोल टोकं. काकांची आयुष्यभराची सवय डाग देण्याची, म्हणजे शिसं-कथील वितळवून जोडण्याची. माझं म्हणणं क्रिम्पचं, म्हणजे टोक पक्कडीने वायरीवर दाबून बसवण्याचं. आम्ही दोन्ही प्रकारची टोकं करून स्प्रिंगच्या काट्याला अडकवून ओढली. दोन्ही टिकली. मग बुलेटजवळ वायर एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलो. डाग दिलेली वायर, जिथे शिसं-कथील आत चढून कडक होतं त्या रेषेवर तुटली. क्रिम्पची त्यानंतरही बराच वेळ टिकली. काकांनी तुटलेलं टोक उजेडात धरून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "बॉनेटला क्रिम्पच." मोळीच्या आतले, न हलणारे तिहेरी जोड मात्र त्यांनी क्रिम्प करून वरून डाग दिले. तिथे ते बरोबरच आहे.

बॉनेटची फांदी बोर्डवर बांधलीच नाही. ती गाडीवर, बॉनेट पूर्ण उघडून मापली. बिजागरीजवळ एक सैल वळसा ठेवला आणि बॉनेट पुन्हा पुन्हा उघडून-मिटून वायर कुठे घासते ते पाहिलं. पहिल्या जागी ती पत्र्याच्या कडेला टेकत होती, म्हणून क्लिप आणखी आत सरकवली. बॉनेट काढायची वेळ आली तर सुटे व्हावेत म्हणून जोड मूळच्याच जागी ठेवले.

अर्थिंग आणि चाचणी

नव्या रंगाच्या गाडीत अर्धे दोष अर्थिंगचे असतात. हेराल्डमध्ये तर जास्तच, कारण बॉडीचे तुकडे रबर आणि रंगाच्या थरांवर बसतात. आम्ही प्रत्येक दिव्याला स्वतंत्र काळी वायर दिली आणि ती चेसिसवर घासून उघड्या केलेल्या दोन ठिकाणी आणून बांधली. इंजिन ते चेसिस जाड पट्टी नव्याने टाकली. जुनी गायबच होती. ती नसेल तर सेल्फचा प्रवाह चोकच्या केबलमधून परतीचा रस्ता शोधतो आणि केबल तापते. ताईंनी आधी एकदा "चोक हाताला चटका देतो" असं सांगितलं होतं, त्याचं कारण हे.

पहिल्यांदा बॅटरी जोडली ती थेट नाही, मध्ये २१ वॅटचा बल्ब घालून. सगळं बंद असताना बल्ब पेटला तर कुठेतरी शॉर्ट. पेटला नाही. मग एकेक उपकरण लावत गेलो. डावा इंडिकेटर लावला की मागचा टेल लाइटही त्याच ठेक्यावर मंद उघडझाप करायचा. होल्डरच्या मागे रंगाचा थर होता आणि काळी वायर होल्डरच्या पत्र्याला नीट टेकत नव्हती. घासून पुन्हा बसवली, बंद झालं.

गाडी मूळची प्लस अर्थची, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली, असावी, पण कुणीतरी पूर्वीच माइनस अर्थ केली होती. तशीच ठेवली. डायनॅमोच्या प्रवाहाला त्याप्रमाणे दिशा द्यायला एफची वायर सोडवून त्या टर्मिनलला बॅटरीच्या प्लसचा क्षणभर स्पर्श दिला आणि कॉइलच्या दोन्ही वायरा योग्य बाजूला आहेत याची खात्री केली. इंजिन वेगात आल्यावर चार्जिंगचा लाल दिवा विझला.

निष्पत्ती

बॅटरी आणि बल्ब यांच्यातली गळती आता अर्ध्या व्होल्टच्याही आत आहे. साठ वॅटच्या बल्बवर पूर्वीच्या शंभरपेक्षा रस्ता चांगला दिसतो, असं ताईंनी स्वतः सांगितलं. गाडी एका पावसाळ्यातून गेली. त्यात हॉर्नचा फ्यूज एकदा उडाला. हॉर्नमध्येच पाणी शिरलं होतं. वाटेतल्या मेकॅनिकने झाकणामागचा तक्ता वाचून तेवढाच फ्यूज बदलला. खर्च मात्र पहिल्या अंदाजापेक्षा वाढला, मुख्यतः रंगीत वायर शोधण्यात आणि जुनं हार्नेस वाचण्यात गेलेल्या वेळामुळे. आयात केलेल्या हार्नेसच्या एकूण खर्चापेक्षा तो फारसा कमी पडला नाही. स्वस्तात पडेल म्हणून कुणी हा मार्ग घेऊ नये.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, क्रम. वायरिंग रंगाच्या आधी काढायला हवं आणि रंगानंतर बसवायला हवं. रंग झालेल्या गाडीत मोळी ओढताना काठ सांभाळावे लागले, आणि अर्थच्या जागी नवा रंग खरवडणं मालकाच्या डोळ्यादेखत करावं लागलं. ज्यांनी अजून रंग दिलेला नाही, त्यांनी रंगवाल्याकडे गाडी नेण्याआधी अर्थच्या जागा टेपने झाकून घ्याव्यात.

दुसरं, डॅशबोर्ड ते डिकी एकदोन जास्तीच्या वायरा टाकता आल्या असत्या. आता ताईंना मागे रिव्हर्सचा दिवा हवा आहे आणि त्यासाठी पुन्हा गालिचा उचलावा लागणार. मोळीत एखादी वायर जास्तीची ठेवायला काही पडत नाही, नंतर ओढायला अख्खा दिवस जातो.

डायनॅमो काढून जास्त प्रवाह देणारा अल्टरनेटर बसवायचा का, हा प्रश्न अजून खुला आहे. २० ची गरज आणि २२ चा पुरवठा ही बेरीज थंड रात्री कमी वेगात चालवताना तुटीत जाते. काका अल्टरनेटरच्या बाजूने आहेत, ताई नाहीत. तसं झालं तर चारची मुख्य वायर बदलून सहाची करावी लागेल आणि कटआउटच्या जागचे जोडही बदलतील. म्हणून बोर्ड, त्यावरचे खिळे आणि पेन्सिलचे आकडे तसेच ठेवले आहेत. त्यावरच्या फांद्यांची यादी ताईंना छापून दिली आहे, एक प्रत गाडीच्या कागदपत्रांसोबत आहे.